विरघळणारे टाके आणि ‘पोटातलं प्लास्टिक’

ऐरोली-घणसोलीच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतंय: सिझेरियनचे विरघळणारे टाके प्लास्टिकचे असतात आणि कायम पोटात राहतात. ‘प्लास्टिक’ अर्धवट खरं, ‘कायम’ साफ चूक. नेहमी वापरला जाणारा पॉलिग्लॅक्टिन ९१० धागा ग्लायकॉलिक आणि लॅक्टिक आम्लांपासून बनलेला पॉलिमर आहे, म्हणजे छोट्या रेणूंच्या लांब साखळ्यांचा पदार्थ; प्लास्टिकही पॉलिमरच. शरीरातलं पाणीच त्याच्या साखळ्या तोडतं; साधारण ३ आठवड्यांत ताकद निम्म्यावर येते, ५६ ते ७० दिवसांत धागा शोषला जातो. सुटलेली आम्लं शरीर सहज हाताळतं. लॅक्टिक आम्ल तर लोकल पकडायला धावलात तरी स्नायूंत तयार होतं! त्वचेवर नायलॉनचे टाके असतील तर ते विरघळत नाहीत, डॉक्टरांकडून काढूनच घ्यायचे. घरी धागा ओढू नका.