निवासी वसाहतीत धुराडे उभारू इच्छिणाऱ्यांसाठी

बेळगावच्या वेशीवरील एखाद्या नव्या वसाहतीत काजूची फॅक्टरी टाकण्याचा आपला विचार असेल, तर आमच्या गल्लीत मार्गशीर्षापासून सुरू झालेल्या फॅक्टरीचा कित्ता गिरवावा. तिच्या यशाचे रहस्य आता गल्लीतील सर्वांच्या फुप्फुसांना पाठ झाले आहे.

जागा निवडताना विकास आराखडा उघडूच नये. कर्नाटकाच्या 1961 च्या नगररचना कायद्याखाली होणाऱ्या या आराखड्यात घरे कोठे व कारखाने कोठे हे ठरलेले असते, आणि नकाशावर निवासी भाग पिवळा, तर औद्योगिक भाग जांभळा दिसतो. जांभळ्या भागात गेल्यास उद्यमबागेतील फाउंड्र्यांच्या शेजारी आपला धूर कोणाच्या खिजगणतीतही राहणार नाही. पिवळ्या भागात मात्र दम्याचे म्हातारे, तान्ही मुले आणि परीक्षेला बसलेली पोरे घरबसल्या मिळतात.

परवानगीच्या अर्जात बॉयलरचा उल्लेख टाळून ‘काजू प्रतवारी व पॅकिंग’ एवढेच लिहावे.

बिया वाफवण्यासाठी लागणारा जाळ काजूच्या टरफलांचाच असावा, कारण ती फुकट पडलेली असतात. त्यांच्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल असते, ज्याने बिया फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची साले निघतात. तेच तेल अर्धवट जळून हवेत गेले की डोळ्यांतून धारा लागतात आणि गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांवर तेलकट काळे ठिपके उमटतात, जे पुसू गेल्यास पसरतात. आमच्या सौभाग्यवतींनी यंदाचे सांडगे टाकून दिले. आपण ते मनावर घेऊ नये.

धुराडे शेजारच्या गच्चीच्या कठड्याएवढेच उंच ठेवावे.

जाळ पहाटे घालावा. थंडीत जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असल्याने धूर वर चढत नाही, तो गल्लीतच पसरून राहतो, आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या कार्यालयीन वेळेपर्यंत बॉयलरही निवून जातो.

तपासणीची धास्ती तर मुळीच बाळगू नये. तक्रार केल्यावर (ती मराठीत असल्यास प्रथम परत येते, हे वेगळे सांगायला नको) साहेब दुपारी येतात, निवलेल्या बॉयलरवर हात ठेवून पाहतात, चहा आणि पाव किलो काजूगर घेतात, आणि जाताना आम्हांला समजावतात की वास मोजता येत नाही. त्यांचे तरी काय चुकले? देशाच्या हवेची 2009 ची मानके बारा प्रदूषकांची आहेत. चोवीस तासांच्या सरासरीत पीएम 10 (हवेतले बारीक धूलिकण) घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅमच्या आत आणि पीएम 2.5 (त्याहून बारीक) 60 च्या आत असावे असे त्यांत लिहिले आहे, अमोनियासुद्धा आहे, पण जळक्या टरफलाच्या वासाला त्या यादीत घर नाही. मग धूलिकण तरी मोजा म्हटले, तर यंत्र दुसऱ्या कार्यालयाचे; त्या कार्यालयात गेले, तर जागेचा वापर बदलला की नाही ते तिसऱ्या कार्यालयाने सांगायचे; आणि तिसऱ्या कार्यालयातील गृहस्थ विचारतात की एवढा त्रास होतो तर घर तिथे घेतलेत कशाला. घर तिथे घेतले, कारण तुमच्याच शिक्क्याच्या नकाशावर तो भाग पिवळा होता! कर्ज काढून घेतले, फॅक्टरीच्या आधी घेतले, आणि घरपट्टी एक वर्षही थकवलेली नाही.

दंडाची तरतूदही करून ठेवावी. हवा आरोग्यास अपायकारक केल्याबद्दल जुन्या दंडसंहितेत पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेच्या कलम 280 मध्ये तो हजारापर्यंत गेला आहे, म्हणजे साधारण किलोभर काजूगर.

आणि मालक, तुम्ही स्वतः राहता कुठे? टिळकवाडीत, झाडांच्या सावलीत. तिथे नेऊन जाळा ना टरफले! धंद्याला कोणाचीच ना नाही; या भागातील कितीतरी घरांची चूल काजूवर पेटते, हे आम्हांलाही कळते. पण 1981 च्या हवा कायद्याच्या कलम 21 प्रमाणे प्रदूषण मंडळाची पूर्वसंमती लागते, ती तुमच्याकडे असेल तर फाटकावर लावा. नसेल तर बॉयलर बंद करा आणि जांभळ्या भागात जागा बघा. आणि साहेब, तुम्ही एकदा पहाटे पाचला या. चहा आम्ही देऊ.