लायनक्समुळे काकांचं नेट गेलं म्हणे

रविवारी सकाळी सव्वासातला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका, बनियनवर शाल, हातात मोबाईल, आणि नमस्कार चमत्कार काही नाही, डायरेक्ट "तुझं ते लायनक्स बंद कर आधी, आमचं नेट गेलंय."

मी पहाटे तीनला झोपलो होतो, त्याच लायनक्सपायी. आणि ते चालू असतं तर बंद केलं असतं ना काका.

झालंय असं की पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजसाठी द्राक्षांच्या खोलीचं तापमान बघणारी एक डबी करायचीये. डबीत छोटा बोर्ड, बोर्डावर लायनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम), त्यावर माझा प्रोग्राम, मोजून दोनशे ओळी. पण लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळा आणि बोर्डाचा एआरएम, मोबाईलमध्ये असतो तसला, म्हणून क्रॉस कंपायलर पाहिजे, म्हणजे लॅपटॉपवर बसून बोर्डासाठी प्रोग्राम तयार करणारा, आणि बोर्डवाल्यांचं म्हणणं की कंपायलर, कर्नल म्हणजे लायनक्सचा गाभा, सगळं यॉक्टो नावाचा लायनक्स बनवायचा संच वापरून तुम्हीच घरी बनवा. यॉक्टोचं मॅन्युअल उघडलं तर पहिल्याच फटक्यात 90 जीबी जागा मोकळी ठेवा! दोनशे ओळींसाठी. लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर हलवला, ते बायकोने बघितलं आणि काहीच बोलली नाही, म्हणजे आता ते दिवाळीला निघणार.

बरं, यात सगळी भाषा स्वयंपाकघरातली. रेसिपी, लेयर, आणि ते सगळं भाजणारा प्रोग्राम बिटबेक. एवढं भाजून हाती काय तर लाल एरर. बोर्डवाल्यांची गाईड उबंटू 16.04 वर, म्हणजे लायनक्सच्याच एका जुन्या आवृत्तीवर लिहिलेली, ज्याचा नेहमीचा सपोर्ट 2021 मध्येच संपला. स्क्रिप्टांना पायथन 2 ही जुनी प्रोग्रामिंग भाषा पाहिजे, ती तर 1 जानेवारी 2020 लाच निवृत्त झाली. म्हणून डॉकरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्याच आत एका वेगळ्या कप्प्यात, जुनं उबंटू बसवलं, तर तिथे आपण आपोआप रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेले मालक असतो, आणि बिटबेक म्हणतं रूट म्हणून मला चालवायचं नाही. घरात कुठल्याच गोष्टीत मी रूट नाही, एका ठिकाणी चुकून झालो तर तिथूनही हाकललं. पैसे घेऊन बोर्ड विकता ना राव, मग गाईड एकदा स्वतः चालवून बघायला काय होतं? त्यांना मेल टाकून आठ दिवस झाले. तिकीट नंबर मात्र लगेच आला.

तर शुक्रवारी संध्याकाळी काका मेंटेनन्सचे पैसे मागायला आलेले, तेव्हा स्क्रीनवर ओळी पळत होत्या. पुराचं पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं ते बघत जसं नाशिक उभं राहतं, तसा मी बिटबेकच्या झालेल्या टास्कच्या आकड्याकडे बघत बसलेलो, 3,412 पैकी 2,911. काका चप्पल काढून आत आले आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"काय चाललंय हे?"

"लायनक्स बनवतोय काका."

"बनवतोय? विकत नाही मिळत?"

"फुकट मिळतं."

"मग बनवतोस कशाला?"

याला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते दिलं की आपणच वेडे दिसतो.

"आमचा पुतण्या पुण्यात कम्प्युटरमध्येच आहे. तो नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश करतो. दहा मिनिटं. तुला किती झाले?"

"तीन दिवस."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं जसं दहावीला तिसऱ्यांदा बसलेल्या पोराकडे बघतात. आणि इथे माझी अक्कल गहाण पडली. मी त्यांना पटवायला गेलो की काका, ही साधी गोष्ट नाही, तुमच्या घरच्या राउटरमध्येसुद्धा बहुतेक लायनक्सच असणार. वर जोशात लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी ची गोष्ट सांगितली, की त्या राउटरमध्ये लायनक्स आहे हे 2003 मध्ये बाहेरच्या लोकांनी शोधून काढलं, मग कंपनीला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, द्यावा लागला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं लायनक्स उभं राहिलं. काका गप्प ऐकत होते. मला वाटलं, पटतंय. त्यांनी त्यातून दोनच गोष्टी उचलल्या, 'आमचा राउटर' आणि 'बाहेरचे लोक'.

शनिवारी इमेज, म्हणजे बोर्डावर टाकायची तयार लायनक्सची फाईल, झाली एकदाची. कार्डावर टाकली, बोर्ड काय म्हणतोय ते लॅपटॉपवर बघायला सिरीयल केबल लावली, स्क्रीन कोरी. केबल लॅपटॉपला दिसायची आणि लगेच गायब. रात्री अडीचला कळलं की बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्राम माझ्या केबलला ब्रेल वाचायचं यंत्र समजून पळवतोय. अंधांसाठी तो फार कामाचा आहे, त्याच्याशी भांडण नाही, पण त्या वेळी डोळे फुटायची वेळ माझ्यावर आलेली. तो काढला, केबल वापरायची परवानगी मिळावी म्हणून स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये घातलं, लॉगआउट लॉगिन केलं, बॉड रेट, म्हणजे केबलचा वेग, 1,15,200 तीनदा तपासला. स्क्रीन तरी कोरीच.

आणि सकाळी सव्वासातला हे.

सोसायटीच्या ग्रुपवर तोवर मेसेज पडलेला होता, "काही सभासद घरात कम्प्युटरचे प्रयोग करतात, त्याचा इतरांना त्रास होतो." काही सभासद! चौदा फ्लॅट आहेत, कुणाला कळणार नाही? खाली तीन अंगठे, त्यातला एक आमच्या समोरच्यांचा, ज्यांचा प्रिंटर मी दोनदा चालू करून दिलाय.

गेलो खाली. काकूंनी मिसळीला मटकी मोड आणून ठेवलेली, पण मला नुसतं पाणी. राउटरचा अडॅप्टर मिक्सरसाठी अर्धवट उपसून ठेवला होता. मी काही बोललो नाही, दाबून बसवला. लाल लाईट, मग पिवळी, मग एक एक करत चारही हिरव्या. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

काका चष्मा वर करून लाईटींकडे बघत म्हणाले, "हे बघ. असं चालू व्हायला पाहिजे तुझं."