‘पॅराबेन-फ्री’ लिहिलंय म्हणून ॲलर्जी होणार नाही?

त्वचेच्या ॲलर्जीबद्दलचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचा सारांश असा: क्रीम, लोशन, शॅम्पूमुळे होणाऱ्या ॲलर्जीचं मूळ पॅराबेन आहे. ‘पॅराबेन-फ्री’ आणि ‘नैसर्गिक’ वस्तू घेतल्या की प्रश्न मिटला. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या वस्तूची ॲलर्जी होऊच शकत नाही, आणि धुऊन टाकायच्या वस्तूंची तर काळजीच नको. शंका आली तर मनगटावर लावून दहा मिनिटं बघा. नव्या क्रीमने पुरळ आलं तरी लावत राहा, आतली घाण बाहेर पडतेय.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण हे सल्ले जो पाळेल त्याची ॲलर्जी लवकर सापडणार नाही, उलट महिनोन्महिने चिघळत राहील. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी पॅराबेन. सौंदर्यप्रसाधनं आणि औषधांमध्ये ही प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे वस्तू खराब होऊ नये म्हणून घालायची रसायनं, गेली अनेक दशकं वापरात आहेत, आणि इतका प्रचंड वापर होऊनही त्यांची ॲलर्जी फार थोड्यांना होते. त्वचेच्या तक्रारी घेऊन पॅच टेस्टला (संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून करायची ॲलर्जीची तपासणी) आलेल्या लोकांमध्येही पॅराबेनची टेस्ट पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आतच राहतं. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटी दरवर्षी एका पदार्थाला ‘ॲलर्जन ऑफ द इयर’, म्हणजे त्या वर्षीचा लक्ष देण्याजोगा ॲलर्जीकारक पदार्थ, ठरवते. 2019 साली तिने मुद्दाम उलटं केलं आणि पॅराबेनला ‘नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर’ जाहीर केलं. ज्यांना पॅराबेनची ॲलर्जी असते त्यांच्यातले बरेच जण जखमेवर किंवा फुटलेल्या इसबावर औषधी मलमं दीर्घकाळ लावणारे असतात. गंमत म्हणजे यातल्या अनेकांना तेच पॅराबेन धडधाकट त्वचेवर लावलं तर काही होत नाही.

मग एवढी बदनामी कशामुळे? 2004 मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये पॅराबेन सापडल्याचं प्रसिद्ध झालं. नमुने 20 होते आणि तुलनेसाठी निरोगी ऊतक तपासलेलं नव्हतं. त्यातून पॅराबेनमुळे कर्करोग होतो असं सिद्ध होत नव्हतं, पण भीती जगभर पसरली. पॅराबेनचा शरीरातल्या हार्मोनवर परिणाम होतो का, हा प्रश्न खरा आहे आणि त्याची तपासणीही होत आली आहे. 2014 मध्ये युरोपीय संघाने सुरक्षिततेची पुरेशी माहिती नसलेल्या पाच पॅराबेनवर बंदी घातली आणि प्रोपिल व ब्युटिल पॅराबेनची मर्यादा खाली आणली. मिथिल आणि एथिल पॅराबेन तसेच ठेवले. पण हा प्रश्न ॲलर्जीचा नव्हे. मेसेजने दोन वेगळ्या गोष्टींचा एकच काला केला आहे.

या गोंधळाची किंमत कोणी मोजली, तेही पाहू. ज्या वस्तूत पाणी आहे तिच्यात जिवाणू आणि बुरशी वाढणारच. पॅराबेन काढलं की त्या जागी दुसरं काहीतरी घालावं लागतं. अशा पर्यायांपैकी एक म्हणजे मिथाइलआयसोथायाझोलिनोन. नाव अवजड आहे, पण खाज सुटणाऱ्या प्रत्येकाने ते ओळखायला शिकावं असं मला मनापासून वाटतं. आधी ते एका जोडीदार रसायनाबरोबर मिश्रणात, दहा लाख भागांत मिश्रणाचे जेमतेम 15 भाग इतकंच घालत, आणि त्यातला त्याचा स्वतःचा वाटा चार भागांहूनही कमी असे. 2005 मध्ये युरोपात ते एकट्याने, दहा लाखांत 100 भागांपर्यंत वापरायला परवानगी मिळाली. म्हणजे पंचवीस पटींहून जास्त! पुढच्या काही वर्षांत त्वचारोगतज्ज्ञांकडे चेहरा लाल झालेले, पापण्या सुजलेले, हात फुटलेले लोक येऊ लागले. ओल्या वाइप्समध्येही ते असे. त्यामुळे लहान मुलांच्या तोंडाभोवती आणि ढुंगणावर न हटणारे चट्टे यायचे. त्यांना कधी इसब म्हणून, कधी जंतुसंसर्ग म्हणून उपचार व्हायचे आणि चट्टे पुसायला पुन्हा तेच वाइप्स वापरले जायचे. 2013 साली हा पदार्थ ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरला. 2017 मध्ये युरोपने तो त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांतून हद्दपार केला आणि 2018 पासून धुऊन टाकायच्या वस्तूंमध्ये 15 भागांची मर्यादा आली.

यातली कितीतरी उत्पादनं ‘पॅराबेन-फ्री’ असं लिहून विकता येत होती आणि ते लिहिणं खोटंही नव्हतं. पॅकच्या पुढच्या बाजूला काय नाही ते मोठ्या अक्षरांत असतं. काय आहे ते मागे, बारीक अक्षरांत.

मागची यादी एकदा नीट वाचा. डीएमडीएम हायडँटोइन, क्वाटर्नियम-15, इमिडॅझोलिडिनिल युरिया, डायझोलिडिनिल युरिया, ब्रोनोपॉल. ही सगळी प्रिझर्व्हेटिव्ह आहेत. यांपैकी एकाच्याही नावात फॉर्मल्डिहाइड (ॲलर्जी करू शकणारं एक जंतुनाशक रसायन) हा शब्द नाही. पण ही सगळी हळूहळू फॉर्मल्डिहाइड सोडत राहतात. फॉर्मल्डिहाइडची ॲलर्जी असलेल्या माणसाने यादीत नुसतं ‘फॉर्मल्डिहाइड’ शोधलं तर त्याला काहीच सापडणार नाही, आणि पुरळ मात्र येत राहील.

‘नैसर्गिक’ वस्तूंबद्दल. त्वचेच्या पेशींना रेणू झाडातून आला की कारखान्यातून, हे कळत नाही. टी ट्री ऑइल जुनं झालं, त्याला हवा लागली की त्यात ॲलर्जी करणारे घटक वाढतात. लव्हेंडरमधलं लिनालूल आणि संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन यांचंही तेच होतं. नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क खूप नावाजला गेला. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अशा सहा अर्कांपैकी पाचांत बेंझेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक सापडलं. सहाव्यात कोणतंच प्रिझर्व्हेटिव्ह नव्हतं, आणि त्या अर्काने जंतूही मारले नाहीत. ज्यात पाणी आहे आणि प्रिझर्व्हेटिव्ह मुळीच नाही अशी क्रीमची बाटली बोटं बुडवून महिनाभर वापरणं मला तर जास्त धोक्याचं वाटतं. डोळ्यांजवळ लावायची असेल तर विचारूच नका.

‘हायपोॲलर्जेनिक’, म्हणजे ॲलर्जीची शक्यता कमी, या शिक्क्यावरही फार विसंबू नये. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि प्रसाधनांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 1975 मध्ये या दाव्यासाठी चाचणीची अट घालायचा प्रयत्न केला होता. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि 1977 मध्ये तो नियम रद्द झाला. तिथे आजही हा शब्द लिहिण्यासाठी काही सिद्ध करून दाखवावं लागत नाही.

आता सगळ्यात घातक गैरसमज: ‘इतकी वर्षं वापरतोय, याची कशी होईल?’ अशीच तर होते. प्रिझर्व्हेटिव्हची ॲलर्जी म्हणजे रोगप्रतिकारक शक्तीची शिकवणी असते. छोटा रेणू त्वचेत शिरतो, तिथल्या प्रथिनांना चिकटतो, आणि त्वचेतल्या पहारेकरी पेशी तो जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन टी-पेशींना (रोगप्रतिकारक शक्तीच्या लढाऊ पेशींना) दाखवतात. ही ओळख पटायला कमीत कमी दहा-पंधरा दिवस लागतात, पण ती महिन्यांनी किंवा वर्षांनीही पटू शकते. तोवर बाहेर काहीच दिसत नाही. एकदा पटली की ती सहसा आयुष्यभर राहते आणि पुढच्या वेळी अगदी थोडी मात्राही पुरते. त्यात कंपनी तेच नाव, तीच बाटली ठेवून आतलं प्रिझर्व्हेटिव्ह बदलू शकते, हेही लक्षात घ्या. तुम्ही ‘तीच’ क्रीम वापरत असाल, पण ती तीच असेल असं नाही.

धुऊन टाकायच्या वस्तूंचं म्हणाल तर शॅम्पू हे नेहमीचं उदाहरण. केसांवरून फेस ओघळतो तो कानामागे, मानेच्या बाजूंना, पापण्यांवर. डोक्याची त्वचा जाड असते, ती बरेचदा शांत राहते. पापण्यांची पातळ असते, ती सुजते. माणूस काजळ बदलतो, डोळ्यांची क्रीम बदलतो आणि शॅम्पू तोच ठेवतो. शिवाय हीच रसायनं भांड्यांच्या लिक्विडमध्ये आणि पाण्यात मिसळायच्या भिंतीच्या रंगातही असतात. मिथाइलआयसोथायाझोलिनोनची ॲलर्जी असलेल्या काहींना नुकत्याच रंगवलेल्या खोलीत नुसतं बसूनही चेहऱ्यावर लाली येते.

दहा मिनिटांच्या मनगटी चाचणीत हे काहीच दिसणार नाही. ही ॲलर्जी उशिरा उमटते, साधारण एक ते तीन दिवसांनी. दहा मिनिटांत चुरचुरलं तर ती बहुतेक वेळा नुसती जळजळ असते. काही झालं नाही तर त्यावरून काहीच ठरत नाही. खरी पॅच टेस्ट अशी असते: संशयित पदार्थ ठरावीक प्रमाणात छोट्या चकत्यांमध्ये भरून पाठीवर चिकटवतात, 48 तासांनी काढतात आणि तेव्हा एकदा पाहतात. नंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा पाहतात, कधी सातव्या दिवशीही. तोवर पाठ भिजवायची नसते. घरच्या घरी फक्त त्वचेवर राहणारी क्रीम, कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, रोज दोनदा, आठवडा-दोन आठवडे लावून बघता येते. शॅम्पू किंवा साबण असे लावून ठेवू नका, त्यांनी कोणाचीही त्वचा भाजल्यासारखी होईल.

‘घाण बाहेर पडतेय’ हे साफ खोटं आहे. मुरुमांवरची काही औषधं सुरू केल्यावर मुरुम तात्पुरते वाढतात हे खरं, पण ते नेहमीच्या जागी येणारे मुरुम असतात. खाज, लाली, सूज, पाणी सुटणारे बारीक फोड आले तर ती वस्तू त्याच दिवशी बंद करा.

आणि बंद केलेली वस्तू खोक्यासकट ठेवा. डॉक्टरांकडे जाताना शॅम्पू, साबण, वाइप्स, क्रीम, भांड्यांचं लिक्विड असं सगळं पिशवीत घालून न्या किंवा मागच्या याद्यांचे स्वच्छ फोटो काढा. पॅच टेस्टमध्ये नाव निघालं की ते कागदावर अचूक स्पेलिंगसह लिहून मागा आणि त्यानंतर प्रत्येक नव्या बाटलीच्या मागे ते नाव शोधा; ते फॉर्मल्डिहाइड असेल तर ते सोडणाऱ्या, वर दिलेल्या रसायनांची नावंही शोधा. पुरळ ओसरायला कित्येकदा काही आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून जुनी क्रीम पुन्हा लावायला घेऊ नका.