चेंबर गळतंय? कुठून ते बघत बसू नका, पॅकिंग बदला

गाडी 15 वर्षांवरची असेल, 800 असो, झेन असो नाहीतर जुनी सँट्रो, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्याखाली काळा डाग पडायला लागला असेल तर लगेच ठरवून टाका की चेंबरचं, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या पत्र्याच्या भांड्याचं, पॅकिंग गेलं. डाग खाली, चेंबर पण खाली, अजून काय पुरावा पाहिजे? तेल वरून ओघळत खाली येतं वगैरे शाळेत ठीक होतं. काही लोक म्हणतात इंजिनच्या डोक्यावरचं टॅपेट कव्हर गळत असेल, ऑइल प्रेशर स्विच असेल, फिल्टर नीट बसला नसेल, मागचं क्रँक सील गेलं असेल, नाहीतर ड्रेन नटचा साधा वायसर. हे लोक आधी इंजिन धुवून कोरडं करतात, घोडबंदर रोडला एक चक्कर मारून येतात (म्हणजे अर्धा दिवस गेला) आणि मग टॉर्च घेऊन वरून खाली ओल शोधत बसतात. रिकामटेकडे.

तुम्ही थेट जॅक लावा आणि खाली शिरा. घोडी (उचललेल्या गाडीला खालून आधार देणारा स्टँड) लावणं, चाकाला दगड लावणं ही भित्र्यांची कामं, शिवाय पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकमध्ये जॅक कसा हळूहळू रुततो ते इतक्या जवळून परत बघायला मिळेल याची गॅरंटी नाही.

ड्रेन नट काढला की चेंबर रिकामं झालं असं समजायचं. कडेला वाटीभर तेल उरलेलं असतं, ते चेंबर खाली घेताना बाहीत शिरून कोपरापर्यंत येतं. चेंबर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने टकटक करत कशाला बसायचं, फटीत मोठा स्क्रू ड्रायव्हर घाला आणि उचका, पत्र्याची कड वाकली तर वाकली. जुनं पॅकिंग पण त्यानेच खरवडा, ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर अजून छान, रेघा खोल पडतात आणि तेलाला बाहेर यायला कायमचा रस्ता होतो.

आता एक गोष्ट अजिबात बघायची नाही म्हणजे नाही. चेंबर धुवून पालथं करून कडेवर स्टीलची पट्टी ठेवली ना, तर बोल्टच्या प्रत्येक भोकाभोवती पत्रा उचललेला दिसतो, कारण तुमच्या आधीच्या प्रत्येकाने "अजून थोडं" म्हणत पाना ओढलेला असतो. मधल्या जागी मग पॅकिंग दाबलंच जात नाही आणि गळती असते ती तिथूनच. तो पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सपाट करता येतो, दहा मिनिटांचं काम आहे, आणि निम्म्या गळत्या याच्याने थांबत असाव्यात असं माझं मत आहे, पण मग पुढची सगळी मजा जाते.

पुढची मजा म्हणजे सिलिकॉन. तुमच्या इंजिनला पॅकिंग येतं की नुसतं सिलिकॉन ते मॅन्युअलमध्ये असतं, म्हणून मॅन्युअल उघडू नका, पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना अख्खी ट्यूब पिळा. बाहेर आलेलं बोटाने पुसलं की काम कसं सुबक दिसतं! आत जे शेवयांसारखं लोंबतं ते दिसत नाही, ते पुढे कधीतरी तुटून तेल ओढणाऱ्या पंपाच्या तोंडाशी असलेल्या स्ट्रेनरच्या जाळीत अडकतं आणि ऐरोली पुलावर ऐन ट्रॅफिकमध्ये ऑइलचा लाल दिवा लागतो. ट्यूबवर बऱ्याचदा 24 तास सुकू द्या असं लिहिलेलं असतं. एवढा वेळ कोणाकडे आहे, लगेच तेल भरा.

बोल्ट छोटे असतात, 10 नंबरचा पाना लागतो. त्यांना साधारण 10 न्यूटन-मीटर म्हणजे नुसत्या मनगटाचा जोर पुरतो, तोही मधून सुरू करून आलटून पालटून कडेला जात. तुम्ही पान्याला पाइप लावा आणि एका टोकापासून ओळीने आवळत या. कट् असा आवाज आला की समजायचं झालं टाइट (बोल्ट तुटला, पण टाइट झालाच ना). पीसीव्ही व्हॉल्व (इंजिनात साठणारा वायू बाहेर काढणारा) तुंबला असेल तर इंजिनात प्रेशर साठून नवं पॅकिंगसुद्धा गळायला लागतं असं कोणी सांगायला आलं तर त्याला चहा पाजा आणि कटवा.

तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही वर भरा, गळणारच आहे तर स्टॉक असलेला बरा, क्रँकने घुसळून फेस आला तर आला.

राहिलं जुनं तेल. गॅरेजवाले ते ड्रममध्ये साठवून रिसायकलिंगवाल्याला देतात, तुम्ही नेऊन दिलंत तर सहसा नाही म्हणत नाहीत, पण त्यासाठी कॅन उचलून वागळे इस्टेटपर्यंत कोण जाणार? सरळ मीटर रूमच्या मागे ठेवून द्या, तिथे आधीचे दोन आहेतच, ते कोणाचे यावर जनरल बॉडी मीटिंगमध्ये अजून चर्चा चालू आहे.