कुत्र्याने चॉकलेट खाल्ले, तर मीठ-पाणी पाजू नका

आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलीने घाबरून विचारले की कुत्र्याने चॉकलेट खाल्ले आहे, काय करू. आणि लगेच "मीठ-पाणी पाजा", "दूध द्या", "काही होत नाही, आमचा तर रोज खातो" अशी उत्तरे येऊन पडली. माझा संताप अजून उतरलेला नाही.

गेल्या दिवाळीत ताईच्या बंड्याने, 10 किलोच्या बीगलने, डार्क चॉकलेटचा 100 ग्रॅमचा अख्खा बार फस्त केला. ताईने रॅपर उचलून डॉक्टरांना फोन लावला. कुत्र्याचे वजन, चॉकलेटचा प्रकार आणि प्रमाण, खाऊन झालेला वेळ, एवढेच त्यांनी विचारले आणि ताबडतोब बोलावून, इंजेक्शन देऊन उलटी करवली.

चॉकलेटमधले थिओब्रोमिन नावाचे रसायन माणसाचे शरीर लवकर निकालात काढते. कुत्र्याच्या रक्तात ते निम्मे व्हायलाच साधारण 17-18 तास लागतात. वजनाच्या किलोमागे 20 मिलिग्रॅमला उलट्या आणि अस्वस्थता सुरू होते, 40-50 ला हृदयाचे ठोके बिघडतात, 60 च्या पुढे झटके येऊ शकतात. बंड्याच्या बारमध्ये अंदाजे 500 मिलिग्रॅम होते. हिशेब तुम्हीच करा! तरीही दवाखान्यात नेताना तो शेपटी हलवत होता, कारण लक्षणे बहुधा 6 ते 12 तासांनी दिसतात आणि तोवर उलटी करवण्याची वेळ निघून गेलेली असते.

मोठ्या लॅब्रॅडॉरने मिल्क चॉकलेटची एखादी वडी खाल्ली तर सहसा काही होत नाही, हे मान्य. पण ते डॉक्टरांनी ठरवावे, ग्रुपने नव्हे. आणि मिठाने तर रक्तातले सोडियम वाढून कुत्रा चॉकलेटऐवजी मिठानेच दगावू शकतो.

सल्ला देणाऱ्यांच्या मनात वाईट नसते, हे मला कळते. पण उलटी होऊनही बंड्या त्या रात्री सलाइनवर धापा टाकत होता आणि ताई त्याच्या छातीवर हात ठेवून बसली होती, कारण या विषावर उतारा नाही. उलटी, ॲक्टिव्हेटेड चारकोल (पोटातले विष शोषून घेणारी कोळशाची पूड), सलाइन आणि देखरेख, एवढेच हाती असते.

म्हणून रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना आजच शोधून नंबर फोनमध्ये ठेवा. सणासुदीला बरेच दवाखाने बंद असतात. ताईकडे तो नंबर आधीपासून होता, म्हणून बंड्या वेळेत पोहोचला.