आबांच्या कासवाला पाणी पाजू नका

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर दादानं फोटो टाकला. आबांच्या बीटलचं, त्या जुन्या फोक्सवॅगन गाडीचं, मागचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं, आतली जागा रिकामी, आणि खाली गोणपाटावर तिचं इंजिन पडलेलं. वर लिहिलंय "नवीन इंजिन लवकरच", पुढं आगीचे तीन इमोजी. ग्रुपवरच्या पोरांनी अंगठे दिलेत, कुणी बदाम दिलेत. मी भाकरी टाकत होते, तवा तसाच राहिला.

लगेच फोन लावला. दादा म्हणायलाय, मारुती एस्टीमचं इंजिन चांगल्या कंडिशनमध्ये मिळालंय, १२९८ सीसी, ८५ हॉर्सपॉवर. आपल्या गाडीचं ११९२ सीसी, ३४ हॉर्सपॉवर. शंभर सीसीच तर जास्त आहे, एवढं काय तुझं. अरे दादा, शंभर सीसीचं कोण बोलतंय. ते इंजिन पाण्यानं थंड होणारं आहे, आपलं नुसत्या वाऱ्यानं!

ज्यांना आबांची गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बाकीच्यांनी शंभरदा ऐकली असेल, परत ऐका. ७२ चा दुष्काळ. म्हणजे पाऊस बहात्तरला गेला पण खरी होरपळ झाली ती त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. आबा अंबाजोगाईला डॉक्टर. हैदराबादहून सेकंडहँड आणलेली १९६१ ची बीटल, गावात तिला कासव म्हणायचे. त्या कासवात औषधांची पेटी आणि मागच्या सीटवर पाण्याचे दोन डबे टाकून आबा दुष्काळी कामांवर फिरायचे. खडी फोडणाऱ्या बाया, उन्हानं चक्कर येऊन पडलेली माणसं, दुष्काळात वाटलेली सुकडी खाऊन पोट बिघडलेली लेकरं. मे महिन्यात एकदा बीडहून परत येताना मांजरसुंब्याच्या घाटाखाली एक जीप उभी, बॉनेट उघडं, रेडिएटरमधून वाफा निघायलेल्या. ड्रायव्हर बादली घेऊन विहिरीवर गेला तर तिथं बायांची घागरींची रांग. कुणी थेंब देईना. माणसाला नाही तर गाडीला कुठून देणार? तेवढ्यात आबांचं कासव फटफट करत आलं. आबांनी ड्रायव्हरला डब्यातलं तांब्याभर पाणी पाजलं, पण रेडिएटरमध्ये ओतायला दिलं नाही. रांगेतल्या एका म्हातारीनं गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, डाक्टर, हिला पानी कुठून घालता? आबा म्हणाले, हिला लागतच नाही आजी. म्हातारी म्हणाली, "ही बरी हाय बाबा, पानी मागंना."

आमच्या घरात त्या गाडीचं नावच पडलं मग. पानी मागंना.

आणि आता तिच्या पुढच्या डिकीत रेडिएटर बसवणार, तळाखालून पुढून मागं दोन पाइप नेणार, कूलंट भरणार, इलेक्ट्रिक पंखा लावणार. मराठवाड्यातल्या गाडीला! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातूरला माझी नणंद दहा दहा दिवस नळाची वाट बघायची. तुम्हा सगळ्यांच्या घरी असंच काहीतरी झालेलं आहे, मी काय समजावून सांगू. ज्या भागात सोयरीक जुळवताना लोक विचारतात गावाला पाणी आहे का, तिथं बिनपाण्यावर साठ वर्षं चाललेल्या गाडीला तुम्ही पाण्याची सवय लावणार?

दुसरं म्हणजे ते इंजिन तिथं बसतच नाही. बीटलचं इंजिन आडवं असतं, दोन सिलिंडर इकडं दोन तिकडं, जमिनीलगत झोपलेलं. एस्टीमचं उभं, चारही एका ओळीत. मग काय करणार तर इंजिन गिअरबॉक्सला जोडायला मध्ये अडॅप्टर प्लेट बनवायची, मागचा पत्रा कापायचा, सगळं वायरिंग ६ व्होल्टचं १२ व्होल्ट करायचं. तो गॅरेजवाला म्हणतो सोमवारी ग्रायंडर लावतो. ग्रायंडर! आबा त्या पत्र्यावर कुणाला टेकूसुद्धा द्यायचे नाहीत. आणि ३४ हॉर्सपॉवरसाठी बनलेल्या गाडीला ८५ जोडल्यावर थांबायचं कशावर, चारही चाकांना साधे ड्रम ब्रेक आहेत. मागचा ॲक्सल जुन्या पद्धतीचा, जोरात वळवलं आणि मध्येच ॲक्सिलरेटर सोडला तर मागचं चाक आत दुमडतं. आधीच सगळं वजन मागं. ब्रेक आणि ॲक्सल सुधारून बदलणारे जाणकार लोक आहेत, मान्य, पण आपला गॅरेजवाला त्यातला नाही, त्यानं फोनवर मला ब्रेकचा ब सुद्धा काढला नाही.

कागदपत्रांचं तर कुणी बोलतच नाहीये. आरसीवर इंजिन नंबर असतो, तो कसा जुळवणार? २०२१ ला नियम आलाय, पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल चालत नाही. म्हणजे सोमवारी एकदा ग्रायंडर फिरला की तो दरवाजा बंद. कायमचा.

मला चौदाव्या वर्षी आबांनी या गाडीवर शिकवलं. आधी स्टेअरिंग नाही, आधी मागचं झाकण उघडून पट्टा दाखवला. अंगठ्यानं दाब, अर्धा इंच दबला पाहिजे, जास्त नाही कमी नाही. हा एकच पट्टा बॅटरी चार्ज करणारा डायनामो फिरवतो आणि त्याच दांड्यावर पंखा आहे. म्हणून डॅशवरचा लाल दिवा लागला की बॅटरीचं बघू नंतर म्हणायचं नाही, जागेवर थांबायचं, कारण वारा बंद झालेला असतो आणि वारा हेच तिचं पाणी. पेट्रोलचा काटा नव्हता. गाडी गचके खायला लागली की पायानं कॉक फिरवून रिझर्व्हवर घ्यायची. घाट चढून आलं की लगेच बंद करायची नाही, दोन मिनिटं तशीच चालू ठेवायची, दम घेऊ दे म्हणायचे. अडीच लिटर ऑइल, ते वेळेवर बदललं की बाकी काही मागत नाही. त्या घाटाखालच्या म्हातारीची गोष्ट पण मी पहिल्यांदा तिथंच ऐकली, मागच्या बंपरवर बसून, हाताला ग्रीस लागलेलं.

हां, दम लागतो तिला, ते खरं आहे. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला चढावर तापते, त्यातही तीन नंबरचा सिलिंडर जास्त, कारण त्या काळच्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या वाऱ्यात त्याच्याच आड येतो. मग त्याचा धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. दोनदा जळलाय. हेडलाइट म्हणजे कंदील. हे सगळं मलाही माहीत आहे.

पण म्हणून हृदय काढून फेकायचं का? २ कोटी १५ लाखांवर बीटल बनल्या, शेवटची ३० जुलै २००३ ला मेक्सिकोत पुएब्लाला निघाली, तोपर्यंत इंजिन मागंच आणि हवेवरच. पुढं पोर्शेनं त्यांच्या ९११ गाडीला पाणी घातलं असेल, घालू द्या, त्यांच्याकडं नद्या आहेत.

जेवण झाल्यावर परत लिहायला बसलेय. मधल्या वेळात दादाचा फोन येऊन गेला. सकाळी मी जे बोलले ते बोलायला नको होतं, एवढं मात्र लिहिते. तो म्हणाला, मागच्या कार्तिकीला मोठ्या काकूला घेऊन कपिलधारला गेलो होतो, येताना चढावर गाडी बंद पडली, मागून ट्रकवाले हॉर्न मारायलेले, काकू ८२ वर्षांची, तिला अनोळखी माणसाच्या जीपमध्ये बसवून पाठवावं लागलं. काकूला जायचं तर ह्याच गाडीत जायचंय, लग्नानंतर पहिल्यांदा कपिलधारला ह्याच गाडीत गेली होती ती. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि हे पण खरं की मी बावीस वर्षं संभाजीनगरला, गाडी दादानं सांभाळली. पत्र्याच्या शेडची भाडी त्यानं भरली, दर दसऱ्याला धुऊन झेंडूचा हार त्यानं घातला, उंदरांनी वायरी कुरतडल्या तेव्हा रात्री टॉर्च लावून तोच बसला होता. मी फक्त गोष्ट सांभाळली.

तरीपण दादा, नको ना रे. काकूसाठी घाट चढायला ताकद पाहिजे ना, तर बीटलच्याच घराण्यातलं मोठं इंजिन बघू, १५८४ सीसीचं, हवेवरचंच. फ्लायव्हीलपाशी गिअरबॉक्स थोडा घासावा लागेल, लाइट १२ व्होल्टचे करू, उजेड पण पडेल. ओरिजिनल ते पण नाही, मला कळतंय, व्हिंटेजचा नंबर त्यानंही अडकेल कदाचित. पण पत्रा कापावा लागत नाही, आणि हे इंजिन गिअरबॉक्सला चार बोल्टांवर असतं, उद्या वाटलं तर चार बोल्ट काढून आबांचं परत लावता येतं. महाग पडेल. अर्धे पैसे माझे, जास्त लागले तर जास्त. नाहीतर आहे त्याच इंजिनाला नवे पिस्टन, नवे ब्लॉक, नवे व्हॉल्व्ह टाकू आणि काकूला पहाटे पाचला काढू, ऊन चढायच्या आत वर. आबा तसंच करायचे.

ग्रुपवर ज्यांनी अंगठे दिलेत त्यांनी आता दादाला फोन करून सोमवार थांबवायला सांगा. मी सांगितलं तर भांडण वाटतं.

शनिवारी सकाळच्या गाडीनं मी येतेय. ते गोणपाटावरचं इंजिन भंगारवाल्याला दाखवूसुद्धा नको, त्यावर ताडपत्री टाक, आभाळ आलंय. आणि पुढच्या डिकीत स्टेपनीच्या मागं आबांनी फडक्यात गुंडाळून ठेवलेला जास्तीचा पट्टा आणि २१ चा पाना आहे, तो गॅरेजमध्ये राहू देऊ नको, घरी आणून काकूच्या कपाटात ठेव.