भाकरीची पावलं

शाळेत मी कायम काठावर पास झालो. गणितात ३५, इंग्रजीत ३६. त्यामुळे डॉक्टरांनी रिपोर्ट बघून "काठावर आहात" म्हटल्यावर मला उगीच आपल्या वर्गात परत आल्यासारखं वाटलं. रक्तातल्या साखरेची एचबीएवनसी तपासणी, आकडा ६.१.

"५.७ च्या खाली असतं तर विषयच नव्हता. ६.५ ला डायबेटिस म्हणतात. तुम्ही मधे."

"म्हणजे काठावर पास?"

"काठावर नापास," असं म्हणून त्यांनी खणातून टेप काढला आणि माझ्या पोटाभोवती फिरवला. शिंप्यानंतर एवढ्या जवळून माझं माप कुणी घेतलं नव्हतं. ९८ सेंटिमीटर. पुरुषाची कंबर ९० च्या आत हवी म्हणे. मी श्वास ओढून घेतला, तर म्हणाले, "सोडा. टेपला कळतं."

खरं तर मी तयारीनिशी गेलो होतो. आदल्या रात्री मुगाची खिचडी खाऊन नऊला झोपलो होतो. पण ही तपासणी एका रात्रीची नसते, गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी काढते. महिना होता फेब्रुवारी. म्हणजे त्या सरासरीत भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आली, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली, मोहोळकडच्या मेहुण्याच्या रानातला हुरडा आला (तीन रविवार) आणि दोन लग्नं आली. त्यातल्या एका लग्नात हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर होती. हुग्गीवर तूप वाढणारा माणूस "बास" हा शब्द ऐकू न येणारा असावा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. असल्या तीन महिन्यांची सरासरी ६.१ आली, यात माझ्या शरीराचं कौतुक कुणी केलं नाही.

सोलापुरात कुणाला साखर निघाली की ती बातमी साखरेपेक्षा लवकर विरघळते. संध्याकाळपर्यंत कट्ट्यावरचा मित्र हजर.

"काय की बे, शुगर निघाली म्हणं?"

"काठावर आहे."

"मग काय टेन्शन घ्यायलास? सकाळी उपाशीपोटी कारल्याचा रस घे. माझा साडू घेतो की."

"त्याची शुगर किती आहे?"

"तीनशे. पण घेतो की रोज."

समोरचे अण्णा गिरणीत तीस वर्षं काढलेले. त्यांनी मेथीदाणे सांगितले. ऑफिसातल्या शिपायाने कोमट पाण्यात लिंबू आणि मध सांगितला, "चरबी वितळते साहेब." मी पंधरा दिवस तो घेतला, रोज दोन मोठे चमचे मध घालून. सोळाव्या दिवशी डॉक्टरांना अभिमानाने सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, मध ही साखरच, एका मोठ्या चमच्यात साठेक कॅलरी असतात, आणि कोमट पाण्याने ताटाला चिकटलेलं तूप निघतं, पोटातलं नाही. तुम्ही पंधरा दिवस सकाळी उठून, उपाशीपोटी, नेमाने साखर खाल्लीत. आयुष्यात एवढ्या शिस्तीने मी दुसरं काहीच केलेलं नाही.

पुण्यातल्या मुलाने तर पार्सलच पाठवलं. ओट्स, चिया आणि क्विनोआ. क्विनोआ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातून येतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेल्या जिल्ह्यात एवढ्या लांबून धान्य आलेलं पाहून आईने ते मुठीत घेतलं, वास घेतला आणि विचारलं, "हे चिमण्यांना टाकायचं का?" ओट्स मात्र मी आठवडाभर खाल्ले. ओट्स वाईट नाहीत. लहानपणी पतंगासाठी खळ करायचो तिची आठवण येते, एवढंच.

आठव्या दिवशी मी बंड केलं. "आपली ज्वारी काय वाईट आहे? शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम फायबर. २०२३ हे अख्खं वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांना दिलं होतं. मी भाकरीच खाणार." घरात टाळ्या पडायच्या बाकी होत्या. त्या रात्री मी चार भाकरी खाल्ल्या, औषध म्हणून. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी हेही मोडून काढलं. ज्वारी चांगलीच, पण कॅलरीच्या हिशेबात ती गव्हाच्या फार मागे नाही. शंभर ग्रॅम पिठाला दोन्हीकडे साडेतीनशेच्या आसपासच. फायबर आहे, पोट भरतं, म्हणून कमी खाल्ली जाते, आणि हाच तिचा गुण. "तुम्ही ती पोट भरल्यावरही खाताय, मग गुण कुठून येणार?"

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "तोंडी लावायला काय घेता?"

मी गप्प. उत्तर बायकोने दिलं. "शेंगाचटणी."

"किती?"

"एक चमचा," मी म्हणालो. बायको हसली. डॉक्टरांच्या केबिनमध्ये बायकोने असं हसू नये.

माझा चमचा म्हणजे आमटीचा डाव, हे गुपित घरातच राहायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी हिने स्वयंपाकघरात वजनकाटा आणला, सोनाराकडे असतो तसला, ग्रॅम दाखवणारा. ताट वाढलं, वाटी काट्यावर ठेवली आणि म्हणाली, "घ्या नेहमीएवढी." परीक्षा आहे हे ठाऊक असून मी हात आखडता घेतला, तरी काटा ६० वर गेला. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. म्हणजे वाटीत जवळजवळ साडेतीनशे, एका वेळच्या. शिवाय वर तेलाची धार होतीच. मी प्रथिनांचा मुद्दा काढला, की शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रथिनं, बदामापेक्षाही जास्त. "मान्य," ती म्हणाली, आणि वाटीतली चटणी परत बरणीत टाकायला लागली. काटा १५ वर आल्यावर थांबली. खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटून लालसर झालेली, लसणाच्या वासाची ती चटणी त्या मोठ्या वाटीच्या तळाशी अशी बसली होती की वाटी विसळायची राहून गेली आहे असं वाटावं.

मिठाचंही तेच झालं. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. यात भाजीतलं, आमटीतलं, चटणीतलं, लोणच्यातलं आणि पापडातलं सगळं आलं. माझं तेवढं मीठ दुपारी एकच्या आत संपायचं.

राहिलं चालणं. आठवड्याला दीडशे मिनिटं तरी दम लागेल असं चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी पहाटे कंबर तलावाला जायला लागलो. कागदोपत्री त्याचं नाव धर्मवीर संभाजी तलाव आहे, पण रिक्षावाल्याला कंबर तलावच सांगावं लागतं. आणि कंबर कमी करायला माणसाने दुसरं कुठं जावं? अडचण चालण्याची नव्हती. अडचण अशी की सोलापुरात दोन ओळखीची माणसं चालता चालता नुसता नमस्कार करून पुढे जात नाहीत. थांबतात. मग "कसं काय", मग "चहा घेऊ की", मग चहाबरोबर नुसता चहा बरा दिसत नाही म्हणून एक प्लेट इडली, वर "बिनतेलाची असते की बे" हे आरोग्यशास्त्र. पहिल्या महिन्यात माझं वजन ७०० ग्रॅमने वाढलं. त्या तलावाकाठी फक्त कमी बोलणारे दोघेजण बारीक झालेले मी पाहिले, आणि त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

मुलाने मग मनगटावरचं घड्याळ पाठवलं, पावलं मोजणारं. ते माझ्या फोनला जोडलेलं, आणि माझा आकडा पुण्यात त्यालाही दिसणार. रोज दहा हजार. आयुष्यभर मी त्याची प्रगतिपुस्तकं तपासली, त्याचा सूड तो व्याजासकट घेत होता. दहा हजार हा आकडा कुठून आला ते मी शोधून काढलं, कारण सुटका करून घ्यायची तर अभ्यास लागतो. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विक्रीला आलं, त्याचं नाव मानपो-केई. अर्थच 'दहा हजार पावलांचं मीटर'. नाव आधी पडलं, शास्त्र मागून चालत आलं. हे मी मुलाला ऐकवलं. तो म्हणाला, "बरं बाबा, काल तुमची २,९१२ होती."

एप्रिल लागला. सकाळी आठलाच डांबर चटके देऊ लागतं, दुपारी पारा बेचाळीस. माझा आकडा तीन हजारांवर अडला होता. जेवल्यावर पंधरा मिनिटं चालायला सांगितलं होतं, साखर एकदम चढत नाही म्हणून. ते मी हॉल ते गॅलरी असं करायचो. खरं सांगतो, एवढा एकच सल्ला मला झेपला, त्याला चप्पल लागत नाही म्हणून.

आणि एका रविवारी तो चमत्कार झाला. मी आंघोळीला जाताना घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं. मुलाला पुण्याला कडक भाकरी पाठवायच्या होत्या, पंचवीस. ओटा पुसताना हिने ते उचललं आणि ओलं होऊ नये म्हणून मनगटात अडकवलं. दुपारी मी फोन बघतो तर ७,४६०! मी तर सोफ्यावरच होतो.

"अगं, तू कुठं गेली होतीस?"

"कुठं जाते? इथंच तर आहे पहाटेपासून."

शेवटची भाकरी राहिली होती. मी आकड्याकडे बघत तिच्याशेजारी उभा राहिलो. पिठाची उंडी परातीत बसली, हात चालू झाला. थप थप थप, भाकरी आपसूक गोल फिरत मोठी होत होती, आणि फोनवर आकडा पळत होता. एक भाकरी, नव्वदच्या वर पावलं. जपानच्या यंत्राला सोलापूरची थाप पाऊल वाटत होती. आई खुर्चीतून म्हणाली, "मग आम्ही जन्मभर पंढरपूरलाच चाललो होतो म्हणायचं."

संध्याकाळी आकडा ८,१०० वर. आणखी दोन हजार झाली की जन्मात प्रथमच दहा हजार होणार होते. बाहेर अजून झळा मारत होत्या. मी हात धुतले, घड्याळ घट्ट केलं आणि परात ओढली.

"काय करायलाय तुम्ही?" ही म्हणाली.

"व्यायाम."

ज्वारीच्या पिठात चिकटपणा नसतो, गव्हासारखं ग्लुटेन नाही. म्हणून उकळतं पाणी घालून, तळहाताच्या बुडाने रगडून रगडून त्याला विरी, म्हणजे चिकटपणा, आणावी लागते. हे मी वाचलं होतं. पाणी उकळतं असतं म्हणजे काय, ते वाचून कळत नाही. बोटं झटकली, त्याची सोळा पावलं धरली गेली. रगडायला लागलो आणि दोन मिनिटांत खांद्यापासून घाम सुटला. डॉक्टर म्हणाले होते तो दम बहुधा हाच. पहिली भाकरी थापताना कडेला चिरली. दुसरी उचलताना मधोमध फाटली. तिसरी तव्यापर्यंत पोचली, पण आकार कर्नाटकाच्या नकाशाचा होता. वरून पाणी फिरवायला उशीर केला, ती फुगलीच नाही.

"ही कोण खाणार?"

"ठेवा तव्यावर तशीच, मंद आचेवर," ही म्हणाली. "कडक करू. कडक भाकरीचा शेवटी चुराच करायचा असतो, आकार कोण बघतंय?"

नवव्या भाकरीला मनगट थरथरायला लागलं, त्याचीही पावलं धरली जात होती. मी तक्रार केली नाही. बाराव्या भाकरीला हिने माझा हात धरून फिरवून दाखवला, आणि चौदावी जवळजवळ गोल झाली. अठराव्या भाकरीवर घड्याळ थरथरलं आणि पडद्यावर फटाके उडाले. १०,०००. मी घामाघूम, पिठाने माखलेला, ओट्याला टेकून उभा.

तेवढ्यात पुण्याहून फोन. माझे हात पिठाचे, म्हणून हिने स्पीकरवर घेतला.

"बाबा! दहा हजार? पण लोकेशन तर दिवसभर घरच दाखवतंय. ट्रेडमिल घेतली की काय?"

"घेतली की," ही म्हणाली. "मालदांडीची."